लायसन्स जप्त, आरटीओची नोटीस आणि कोर्टात खटला : ही एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा आहे का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात खासगी नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांना शनिवारी रात्री नाकाबंदीत थांबवण्यात आले आणि ब्रेथ अ‍ॅनालायझरने १०० मिलिलिटर रक्तामागे ६२ मिलिग्रॅम अल्कोहोल दाखवले. अपघात झालेला नव्हता आणि कोणालाही इजा झालेली नव्हती. पोलिसांनी लायसन्स काढून घेऊन पावती दिली आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ खाली त्यांच्यावर खटला दाखल केला. तीन आठवड्यांनी आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली : तुमचे लायसन्स निलंबित का करू नये? कोर्टाची तारीख अजून पुढे आहे. त्यांचे म्हणणे असे, की चूक एकदाच झाली. मग लायसन्स एका कार्यालयाने काढून घ्यायचे आणि दंड किंवा कैद दुसऱ्याने द्यायची, ही एकाच अपराधाची दोनदा शिक्षा नव्हे काय, आणि संविधानाच्या अनुच्छेद २० चा आधार घेऊन ही नोटीस रद्द करून घेता येईल काय?

आधी सरळ उत्तर देतो. एकाच अपराधासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नको असे सांगणाऱ्या अनुच्छेद २० (२) च्या आधारे ही नोटीस रद्द होणार नाही आणि आरटीओने लायसन्स निलंबित केले म्हणून कोर्टातला खटलाही थांबणार नाही. वकिलीच्या इतक्या वर्षांत हा मुद्दा अनेक अशिलांनी माझ्यापुढे मांडला आहे, आणि काहींनी माझा सल्ला बाजूला ठेवून तो उच्च न्यायालयापर्यंत नेण्यासाठी पैसाही घातला आहे. त्यात त्यांचा जो वेळ गेला, त्याच वेळात आरटीओपुढच्या सुनावणीत त्यांना बरेच काही मिळवता आले असते. मात्र 'दुहेरी शिक्षा नाही' एवढे सांगून विषय संपत नाही. तुमच्या तक्रारीच्या मुळाशी एक खरा अन्याय आहे. फक्त त्याचे नाव वेगळे आहे आणि त्याची दाद मागण्याची जागाही वेगळी आहे.

अनुच्छेद २० (२) चे संरक्षण मिळण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात : आधी खटला चाललेला असला पाहिजे, त्यात शिक्षा झालेली असली पाहिजे आणि दुसरा खटला त्याच अपराधाबद्दलचा असला पाहिजे. यातला 'खटला' हा शब्द सर्वोच्च न्यायालयाने फार लवकर, १९५३ मध्ये, मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात तपासला. जेद्दाहून आलेला हा प्रवासी ६ नोव्हेंबर १९४९ रोजी सांताक्रूझ विमानतळावर उतरला. त्याच्याजवळ जाहीर न केलेले १०७.२ तोळे सोने सापडले. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी सोने सरकारजमा केले आणि ते सोडवून घ्यायचे असेल तर १२,००० रुपये भरण्याचा पर्याय दिला. त्यानंतर त्याच सोन्याबद्दल परकीय चलन नियमन कायद्याखाली मुंबईच्या मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे त्याच्यावर खटला भरला गेला. त्याचा युक्तिवाद तुमच्यासारखाच होता, की सोने गेले ही एक शिक्षा झाली, आता दुसरी कशी देता? सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, की कस्टम्सचा अधिकारी हे न्यायालय नव्हे आणि न्यायाधिकरणही नव्हे. त्याच्यापुढची कार्यवाही म्हणजे फौजदारी खटला नव्हे, म्हणून नंतरच्या खटल्याला अडसर नाही. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, एस. ए. वेंकटरामन यांच्या प्रकरणात हीच भूमिका सरकारी नोकराच्या विभागीय चौकशीला लागू झाली. चौकशीत नोकरी गेली तरी त्याच आरोपांवर कोर्टात खटला चालू शकतो. आरटीओची मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९ खालची, म्हणजे लायसन्स निलंबनाची, कार्यवाही याच रांगेत बसते. लायसन्स देणारा अधिकारी तुम्ही रस्त्यावर गाडी चालवण्यास योग्य आहात की नाही, एवढेच पाहतो. तुम्ही अपराधी आहात असे तो ठरवत नाही आणि तसे ठरवण्याचा अधिकारही त्याला नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे 'तोच अपराध'. कृत्य एकच असले तरी अपराध अनेक असू शकतात, हे सामान्य माणसाच्या गळी उतरायला कठीण जाते, पण कायदा इथे स्पष्ट आहे. मुंबई राज्य विरुद्ध एस. एल. आपटे या १९६१ च्या निकालाने कसोटी घालून दिली, की दोन अपराधांचे घटक तपासायचे आणि ते वेगळे असतील तर घटना एक असूनही अपराध दोन. महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ ला गाडी चालवणे आवश्यक आहे आणि मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, इतकी आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ६६ ला गाडीशी काहीच कर्तव्य नाही. तिथे परवान्याशिवाय मद्य घेणे हा अपराध आहे, आणि रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक अल्कोहोल सिद्ध झाले तर आपण प्यायलेला पदार्थ औषधासारखा होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर जातो. म्हणून एकाच रात्रीच्या एकाच घटनेतून हे दोन्ही आरोप निघाले तरी ते एकमेकांना रोखत नाहीत. बेदरकार वाहन चालवण्याच्या दंडसंहितेतील कलमांबाबतही तसेच आहे. २०१९ मध्ये अरुणाचल प्रदेश राज्य विरुद्ध रामचंद्र रबिदास या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोटार वाहन कायदा आणि दंडसंहिता यांखाली एकाच अपघाताबद्दल कारवाई होऊ शकते, कारण दोहोंचे घटक आणि हेतू वेगळे आहेत. त्या प्रकरणात गुवाहाटी उच्च न्यायालयाने असे खटले फक्त मोटार वाहन कायद्याखालीच चालवावेत असे निर्देश दिले होते आणि ते रद्द झाले.

फौजदारी प्रक्रियेचे संरक्षण संविधानापेक्षा थोडे रुंद आहे, हेही सांगितले पाहिजे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३००, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३७, शिक्षा झालेल्याप्रमाणेच निर्दोष सुटलेल्यालाही पुन्हा खटल्यापासून वाचवते. पण तेही सक्षम न्यायालयापुढे चाललेल्या खटल्याबद्दलच आहे. आरटीओचे कार्यालय त्यात बसत नाही. शिवाय त्यात एक अपवाद आहे. कृत्याचा परिणाम, उदाहरणार्थ जखमीचा मृत्यू, पहिल्या शिक्षेनंतर घडला किंवा तोपर्यंत न्यायालयाला माहीतच नव्हता, तर त्या परिणामासह होणाऱ्या वेगळ्या अपराधाचा खटला नव्याने चालू शकतो. कोणी जखमी असलेल्या प्रकरणात 'लवकर दंड भरून मोकळे होऊ' असा सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तुमच्या प्रकरणात सुदैवाने तो प्रश्न नाही.

हा वाद आपल्याकडेच उद्भवला असे नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यात राज्याराज्यांतल्या न्यायालयांपुढे नेमका हाच युक्तिवाद मोठ्या संख्येने आला होता, आणि त्याचा इतिहास तुमच्या प्रश्नाला उपयोगी असल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो. तिथे अनेक राज्यांत श्वासाच्या चाचणीत मर्यादा ओलांडली किंवा चाचणी नाकारली, तर लायसन्स प्रशासकीय आदेशाने लगेच निलंबित होते आणि फौजदारी खटला वेगळा चालतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची जुनी भूमिका अशी, की राज्याने दिलेली सवलत काढून घेणे ही शिक्षा नव्हे. १९३८ च्या हेल्वरिंग विरुद्ध मिचेल निकालात तसे म्हटले आहे. मग १९८९ मध्ये हॅल्परचे प्रकरण आले. एका वैद्यकीय प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाने सरकारी आरोग्य विम्याकडून ६५ खोट्या दाव्यांत मिळून ५८५ डॉलर जास्त उकळले होते. फौजदारी खटल्यात त्याला कैद आणि दंड झाला. त्यानंतर सरकारने दिवाणी दंड म्हणून १,३०,००० डॉलरहून अधिक रक्कम मागितली. न्यायालय म्हणाले, की नुकसानीशी काहीही प्रमाण नसलेली दिवाणी वसुली ही नावाने दिवाणी असली तरी शिक्षाच ठरू शकते. या एका वाक्याने दार उघडले. देशभरातील वकिलांनी लायसन्स निलंबनालाही हीच कसोटी लावा अशी मागणी केली.

बहुतेक राज्यांच्या वरिष्ठ न्यायालयांनी ती फेटाळली. रस्त्यावरून धोकादायक चालकाला तात्पुरते दूर ठेवणे हा संरक्षणाचा उपाय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण १९९६ मध्ये ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गुस्टाफसन प्रकरणात मधला मार्ग काढला, आणि माझ्या मते या संपूर्ण वादातले सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले उत्तर तेच आहे. ते म्हणाले, की अटकेच्या वेळी केलेले निलंबन शिक्षा नाही, म्हणून खटला चालू शकतो. परंतु एकदा कोर्टाने दोषी ठरवून शिक्षा सुनावली, ज्यात लायसन्सवरची बंदीही येते, की त्यानंतर प्रशासकीय निलंबन चालू ठेवण्याला संरक्षणाचे कारण उरत नाही, ते शिक्षेचे रूप घेते आणि तिथे संपले पाहिजे. पुढे १९९७ मध्ये हडसन निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हॅल्परची कसोटी सोडून दिली. कायदेमंडळाने ज्याला दिवाणी म्हटले त्याला शिक्षा ठरवायचे असेल तर अत्यंत स्पष्ट पुरावा हवा, अशी भूमिका घेतल्यावर ही लाट ओसरली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की तिथेही आज 'दुहेरी शिक्षा' म्हणून निलंबनाला दिलेले आव्हान सहसा टिकत नाही. अशा अटकेनंतर व्हिसा रद्द होऊ शकतो, तोही कायद्याच्या दृष्टीने शिक्षेत मोडत नाही.

आता आपल्या कायद्याकडे परत येऊ, कारण गुस्टाफसनमध्ये जो प्रश्न सोडवला गेला तोच आपल्या अधिनियमात उघडा राहिला आहे. लायसन्सवर बंदी आपल्याकडे दोन वेगळ्या दारांतून येते. कलम १९ खाली आरटीओ ती घालतो; २०१९ च्या दुरुस्तीने त्यात जोडलेल्या पोटकलमात पोलिसांनी जप्त करून पाठवलेल्या लायसन्सबाबत पहिल्या वेळी ३ महिने आणि पुन्हा घडल्यास लायसन्स रद्द, असे लिहिले आहे. त्याआधी २०१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांचे लायसन्स किमान ३ महिने निलंबित करावे असे राज्यांना कळवले होते. दुसरे दार कलम २० चे आहे, आणि त्याकडे आरोपींचे सहसा लक्षच जात नाही. कलम १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने चालकाला किमान ६ महिन्यांसाठी अपात्र ठरवलेच पाहिजे, असे ते कलम सांगते. इथे न्यायालयाला ते टाळण्याची मुभा दिलेली नाही. 'दहा हजार भरायचे आणि सुटायचे' अशा समजुतीने गुन्हा कबूल करणाऱ्याने हे सहा महिने आधीच मोजायला हवेत.

कलम २० ची भाषाही बारकाईने पाहण्यासारखी आहे. कायद्याने सांगितलेल्या 'इतर कोणत्याही शिक्षेव्यतिरिक्त' न्यायालय अपात्र ठरवू शकते, असा तिचा आशय आहे. 'इतर' हा शब्द आला याचा अर्थ ही अपात्रता कायद्याच्या मते स्वतःही शिक्षाच आहे. ती त्याच खटल्यात, त्याच निकालात दिली जाते, म्हणून तिच्यामुळे दुहेरी शिक्षेचा प्रश्न येत नाही. पण मग एक विसंगती समोर येते. गाडी न चालवण्याची तीच बंदी कोर्टाने घातली की शिक्षा, आणि आरटीओने घातली की नियमन. ज्याची रोजीरोटी गाडीवर आहे त्याला हा फरक जाणवत नाही. त्याला एकूण महिने मोजावे लागतात. आणि आरटीओचे ३ महिने कोर्टाच्या ६ महिन्यांतून वजा करावेत, अशी तरतूद कलम १९, २० किंवा २३ मध्ये नाही. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात, लायसन्सविना काढलेले दिवस होत नाहीत. माझ्या मते संसदेने ही वजावट कायद्यातच लिहायला हवी. तुम्हाला जो अन्याय वाटतो तो हा आहे.

दुसरा अन्याय जप्तीच्या टप्प्यावर होतो. कलम २०६ (४) प्रमाणे पोलीस अधिकाऱ्याने लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचे असते. त्या वेळी दिलेली पावती ही गाडी चालवण्याची परवानगी नव्हे, असे तेच पोटकलम स्पष्ट सांगते. म्हणजे सुनावणी होण्याच्या आधीच बंदी सुरू होते, आणि ती किती दिवसांत संपावी याची मुदत त्या पोटकलमात नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा अशा स्वरूपाचा कायदा १९७९ मध्ये मॅकी विरुद्ध मॉन्ट्रिम प्रकरणात टिकला, तो मुख्यतः निलंबनानंतर लगेच सुनावणी मिळण्याची सोय होती म्हणून. आपल्याकडे ती तत्परता मागून घ्यावी लागते. पोलीस स्वतः निलंबनाचा आदेश काढू शकत नाहीत, हे मात्र कोलकाता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पोलिसांनी जप्ती करायची, निर्णय परवाना अधिकाऱ्याने घ्यायचा.

म्हणून तुमच्या नोटिशीला उत्तर देताना अनुच्छेद २० चा उल्लेखही करू नका, असे मी सांगेन. कलम १९ तुम्हाला दोन हक्क देते, म्हणणे मांडण्याची संधी आणि कारणे लिहून दिलेला आदेश. त्या दोन्हींवर सगळा भर द्या. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, ते दिल्याची पोच घ्या आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या छापील नोंदीची प्रत मागा. तिच्यावरील वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा खटल्याच्या कागदांशी जुळतो का ते पाहा. तुम्हाला प्रत्यक्ष अटक केली असेल तर अटकेपासून दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी होती, ती झाली का हे नोंदवा. पूर्वीचा एकही गुन्हा नाही, अपघात नाही, हे सांगा. पण ६२ चा आकडा खरा असेल तर तो नाकारू नका. खोटे उत्तर आरटीओपुढे दिले तर ते कोर्टात तुमच्यासमोर येऊ शकते, आणि कबुली दिली तर तीही येऊ शकते. यासाठी आरटीओला द्यायचे उत्तर तुमच्या फौजदारी वकिलाने वाचल्याशिवाय पाठवू नये. सर्वांत महत्त्वाची मागणी ही, की लायसन्स जप्त झालेल्या तारखेपासूनचे दिवस ३ महिन्यांत धरावेत आणि आदेशात तसे लिहावे. तुमच्या बाबतीत तीन आठवडे आधीच गेले आहेत. ते मोजले गेले नाहीत तर तुम्हाला ते परत कुठेही मिळणार नाहीत.

आदेश छापील साच्यातला असेल, तुमच्या म्हणण्याचा त्यात विचार दिसत नसेल, तर कलम १९ खाली ३० दिवसांत अपील करता येते. कारणे नसलेला आदेश हा अपिलात टिकवायला सर्वांत अवघड असतो. कोर्टातून पुढे निर्दोष सुटलात तर आरटीओचा आदेश आपोआप पडत नाही, कारण दोन्ही ठिकाणी पुराव्याची पातळी वेगळी आहे. कोर्टाला संशयापलीकडची खात्री लागते, अधिकाऱ्याला कायद्याने सांगितलेले समाधान पुरते. तरीही विभागीय चौकशीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये कॅप्टन एम. पॉल अँथनी प्रकरणात मान्य केले आहे, की दोन्ही कार्यवाह्या त्याच घटनेवर आणि त्याच पुराव्यावर उभ्या असतील, तर न्यायालयाने तो पुरावाच नाकारल्यावर दुसऱ्या कार्यवाहीतला निष्कर्ष टिकवणे अन्यायकारक ठरू शकते. यंत्राचा आकडाच कोर्टाने अविश्वसनीय ठरवला तर हा आधार घेता येईल.

कोर्टात कलम १८५ चा गुन्हा पोलिसांकडे तडजोड रक्कम भरून मिटत नाही, तो कलम २०० च्या यादीत नाही. तारखेला हजर राहावेच लागेल. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दोषी ठरल्यास शिक्षेच्या प्रश्नावर बोलताना आरटीओच्या आदेशाची प्रत न्यायालयापुढे ठेवा आणि लायसन्सविना आधीच किती दिवस गेले ते तारखांसह सांगा. ६ महिन्यांच्या खाली न्यायालयाला उतरता येणार नाही. पण त्याहून वर जाऊ नये आणि कैदेऐवजी दंडावर भागवावे, यासाठी ते एक प्रामाणिक आणि वजनदार कारण आहे.

आणि तोपर्यंत गाडी घरीच ठेवा. अपात्रतेचा आदेश असताना वाहन चालवणे हा कलम १८२ खाली वेगळा अपराध आहे. त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तो खटला नवा असेल, अपराध नवा असेल आणि त्यात दुहेरी शिक्षेचा बचाव कोणीही ऐकून घेणार नाही. कामासाठी चालक ठेवणे किंवा मालकाला लेखी कळवून तीन महिन्यांसाठी कार्यालयीन काम मागून घेणे हे खर्चाचे आणि संकोचाचे वाटेल, तरी माझ्या अशिलांपैकी ज्यांनी ते केले त्यांचे प्रकरण एकाच खटल्यावर थांबले.